खूण आणि उलगडा : पुरानी बस्तीतील गुरुपरंपरा

हिंदू परंपरेत गुरू शिष्याला आधी खूण देतो आणि अर्थ मागाहून उलगडतो. कपाळावरचा टिळा, गळ्यातली तुळशीची कंठी, कानात सांगितलेली सहा अक्षरे, बदललेले नाव ही सारी एका दिवसात मिळतात. त्यांचा अर्थ कळायला कधी बारा वर्षे लागतात, कधी जन्म पुरत नाही. या दोहोंमधल्या अंतराला परंपरेने शिक्षण मानले आहे. ते अंतर पाऊलवाटेसारखे चालून पाहता येईल अशा जागा देशात पुष्कळ आहेत. मराठी माणसाशी नाते असलेली आणि तरीही मराठी वाचनात फारशी न आलेली अशी एक जागा म्हणजे रायपूरची पुरानी बस्ती.

आजचे रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. मोठे रस्ते, कचेऱ्या, नव्या वसाहती यांनी ते चहूकडे पसरले आहे. पुरानी बस्ती मात्र तलाव, देवळे आणि मठ यांना धरून राहिली आहे. रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक शाखा रायपूरकडे आली आणि इथे राज्य उभे राहिले. तिच्यातल्या ब्रह्मदेव राजाच्या काळात, १४०२ मध्ये, खारून नदीच्या महादेव घाटावर हटकेश्वराचे देऊळ बांधले गेले. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत छत्तीसगडावर चालून आला आणि पुढे हा मुलूख भोसल्यांकडे गेला. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तोवर इथल्या देवळांच्या दिव्याबत्तीत मराठी हात होता. राजे बदलत गेले. मठांच्या गाद्या मात्र गुरूकडून शिष्याकडे चालत राहिल्या.

या गाद्यांपैकी सर्वांत मोठी दूधाधारी मठाची. महाराजबंध तलावाच्या बाजूला असलेला हा मठ रामानंदी वैष्णवांचा आहे. परंपरेप्रमाणे त्याची स्थापना १५५४ सालची. सतराव्या शतकातला राजा जैतसिंह याचे नावही मठाच्या बांधणीशी जोडले जाते. आवारात बालाजीचे देऊळ आहे, रामाचे देऊळ आहे, हनुमानाची जुनी मूर्ती आहे. राममंदिराची उभारणी भोसले काळातली. मराठा काळातली भित्तिचित्रे इथे पाहायला मिळतात, भिंतींवर रामायणातले प्रसंग कोरले आहेत आणि काही कोरीव दगड सिरपूरच्या पडक्या देवळांमधून आणल्याचे सांगतात. एका मठाच्या भिंतीत महानदीकाठच्या जुन्या नगरीचा दगड, वैष्णव साधूंची निष्ठा आणि मराठा दरबाराचा पैसा असे तिन्ही सापडतात.

मठाला नाव मिळाले ते बलभद्रदास या महंतांमुळे. सुरही नावाच्या गायीच्या दुधाने ते हनुमानाला स्नान घालीत आणि मूर्तीवरून ओघळलेले तेच दूध पिऊन राहत, दुसरे अन्न घेत नसत, अशी कथा मठात सांगतात. ही कथा इतिहासाच्या तराजूत घालण्याचे कारण नाही. ती काय शिकवते, एवढे पाहावे. दूध हे अन्नांमधले पहिले अन्न. ते चावावे लागत नाही, त्यासाठी जीव घ्यावा लागत नाही, आणि ते दुसऱ्याच्या वात्सल्यातून येते. त्यावर जगणारा साधू म्हातारपणीही बाळाच्या जागी राहतो. त्यातही हे दूध आधी देवाच्या अंगावरून गेलेले आहे. साधूच्या पोटात जाते ते प्रसाद होऊन. खाणे, पूजा आणि शरणागती या तीन गोष्टी एका वाटीत एकत्र आल्या की वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

या खुणेला मोठी पार्श्वभूमी आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात कश्यप ऋषी अदितीला पयोव्रत सांगतात. फाल्गुनाच्या शुक्ल पक्षात बारा दिवस दुधावर राहून विष्णूची उपासना करायची, असे ते व्रत. त्याचे फळ म्हणून वामन तिच्या पोटी येतो. रामानंदी परंपरेतच राजस्थानातल्या गलता इथल्या गादीचे कृष्णदास पयहारी या नावाने ओळखले जातात. तेही दुधावर राहत. त्यांचे शिष्य अग्रदास आणि अग्रदासांचे शिष्य नाभादास. नाभादासांनी भक्तमाल रचली आणि संतचरित्रे सांगायची एक रीतच उत्तर भारतात पाडली. महाराष्ट्रात महिपतींनी पुढे ज्यांचा आधार घेतला, त्यांत नाभादास आहेत. म्हणजे दुधावर राहणाऱ्या एका गुरूच्या परंपरेचा धागा महिपतींच्या भक्तविजयापर्यंत येऊन पोचतो.

आता प्रत्यक्ष दीक्षा. वैष्णव परंपरेत शिष्याला पाच संस्कार होतात, आणि रामानंदी साधूंच्या देहावर ते वाचता येतात.

पहिला संस्कार मुद्रेचा. रामानुजांच्या परंपरेत दंडांवर शंख आणि चक्र उमटवतात, रामानंदी साधू धनुष्य आणि बाण घेतात. तप्त मुद्रा तापवलेल्या धातूची असते, शीतल मुद्रा चंदनाची. देह आता स्वतःचा उरला नाही, त्यावर धन्याची मोहोर उठली, हा त्याचा सरळ अर्थ. आतला अर्थ धनुष्यबाणाचा आहे. मुंडकोपनिषदाने साधकाच्या आत्म्याला बाण केले आणि ब्रह्माला लक्ष्य. मग रामाचे शस्त्र हे राक्षस मारण्यापुरते राहत नाही. एकाग्र होण्याची आठवण दंडावर कायमची बसते.

दुसरा संस्कार टिळ्याचा. दोन उभ्या पांढऱ्या रेघा, खाली नाकाच्या मुळाशी त्यांना जोडणारे आसन आणि मधोमध तांबडी रेघ. पांढऱ्या रेघा रामाची पावले, मधली तांबडी रेघ म्हणजे श्री, अर्थात सीता. काही परंपरांत मधली रेघ पांढरी असते, काहींत तिच्या जागी ठिपका असतो, आणि जाणकार साधू समोरच्याचे घराणे त्यावरून ओळखतो. रोज सकाळी स्नानानंतर हा टिळा नव्याने लावावा लागतो, हे त्यातले मर्म. पाण्याने पुसली जाणारी खूण मुद्दाम दिलेली आहे. दीक्षा एकदाच होते, पण ती रोज आठवावी लागते. पावलांच्या मध्ये सीतेला जागा देण्यातही एक शिकवण आहे. देवाकडे जाताना वाटेत करुणा लागते आणि तिला ओलांडून पुढे जाता येत नाही.

तिसरा संस्कार नावाचा. शिष्याचे घरचे नाव जाते आणि दास या शब्दाने संपणारे नाव येते. कुळ, गाव, जात सांगणाऱ्या जुन्या नावाचा भार उतरतो. रामानंदांच्या शिष्यांमध्ये परंपरा कबीर विणकर, रैदास चर्मकार, सेना न्हावी, पीपा राजा अशांना गणते. ही यादी इतिहासाला जशीच्या तशी मान्य असो वा नसो, या संप्रदायाने स्वतःची ओळख म्हणून ती शतकानुशतके जपली आहे. राजा आणि चर्मकार यांच्या नावांना एकच शेपूट लावणारा हा संस्कार त्या यादीचाच विधी आहे.

चौथा मंत्राचा. रामाचा सहा अक्षरांचा मंत्र गुरू उजव्या कानात सांगतो. मंत्र पुस्तकात छापलेला असतो, गुपित असे त्यात काही उरलेले नाही. तरी तो कानातूनच घ्यायचा असतो, कारण अक्षरांबरोबर सांगणाऱ्याचा श्वासही पोचावा लागतो. छापील मंत्र म्हणजे माहिती. कानात सांगितलेला मंत्र ही जबाबदारी होते, देणाऱ्याचीही आणि घेणाऱ्याचीही.

पाचवा माळेचा. तुळशीच्या मण्यांची कंठी गळ्याला लागून बांधतात. मराठी वाचकाला इथे ओळख पटावी. वारकरी माळ घेतो ती फडकऱ्यांच्या हातून, आणि तिच्याबरोबर पंढरीची वारी, एकादशी आणि मद्यमांसाचा त्याग यांची बांधिलकी घेतो. रायपूरच्या साधूची कंठी आणि देहूच्या शेतकऱ्याची माळ यांचे दैवत दिसायला वेगळे आहे. गळ्याशी असलेला करार सारखाच आहे. माळ घातलेला माणूस खोटे बोलू लागला की ती टोचते, असे दोन्हीकडे मानतात.

पाच खुणा मिळाल्या की शिष्य पुरा झाला असे मठात कोणी समजत नाही. खरे शिकणे पहाटे सुरू होते. मंगला आरतीच्या आधी उठणे, आवार झाडणे, पाणी भरणे, फुले निवडणे, चंदन उगाळणे. मग शृंगार, राजभोग, संध्या आरती, शयन. देवाला उठवायचे, सजवायचे, जेवू घालायचे, निजवायचे. या दिनक्रमात नव्या शिष्याला बराच काळ गाभाऱ्याबाहेरची कामे मिळतात. कोठारात धान्य मोजणे, गोशाळेत शेण काढणे, पंगतीत वाढणे. महंत, अधिकारी, पुजारी, कोठारी, भंडारी अशी मठाची उतरंड असते आणि शिष्य ती खालून चढतो. शेण काढताना त्याला कोणी अद्वैत समजावत नाही. पण बलभद्रदासांच्या दुधाची कथा ऐकलेल्या शिष्याला गोशाळेत काम करताना ती हळूहळू हातांतून कळू लागते. कानावर पडलेली गोष्ट अंगवळणी पडायला असे काम लागते.

उपनिषदांनी हीच रीत सांगितली आहे. शिष्याने गुरूकडे जाताना हातात समिधा घेऊन जावे. समिधा हे इंधन. ती पेटवण्याजोगी आहे, पेटलेली नाही, एवढे त्या लहानशा मोळीतून सांगितले जाते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ फोडायला सांगतो, मग त्यातले बी फोडायला सांगतो. आत काही दिसत नाही म्हटल्यावर त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा मोठा वड उभा आहे, असे तो दाखवतो. मिठाचा खडा पाण्यात टाकून सकाळी तो शोधायला लावतो. मीठ सापडत नाही, पण पाणी वरून, मधून, खालून चाखले तरी खारटच लागते. बारा वर्षे वेद शिकून आलेल्या, शिकल्याचा ताठा घेऊन आलेल्या मुलाला बापाने हे धडे दिले. गुरूने वस्तू निवडली, कृती करून घेतली आणि बोलणे शेवटी ठेवले.

पुरानी बस्तीला लागून असलेल्या बूढापाऱ्याशी बापाने मुलाला शिकवल्याची अशीच एक आठवण जोडलेली आहे. १८७७ मध्ये कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामासाठी रायपुरात आले आणि त्यांचे कुटुंबही आले. त्यांचा मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. रायपुरात त्याच्यासाठी योग्य शाळा नव्हती, म्हणून वडिलांनीच त्याला घरी शिकवले, येणाऱ्याजाणाऱ्या विद्वानांच्या बोलण्यात त्याला बसू दिले, वाद घालू दिला. प्रवासात बैलगाडीतून विंध्याच्या डोंगरांमधून येताना कड्याच्या भेगेतले मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून तो मुलगा भान हरपून गेला, असे त्याच्या चरित्रांत नोंदले आहे. १८७९ मध्ये कुटुंब परतले. पुढे दक्षिणेश्वरी रामकृष्णांच्या पायाशी बसून तो विवेकानंद झाला. त्या मुलाला खूण डोंगरात दिसली होती. उलगडा करणारा गुरू काही वर्षांनी भेटला.

दूधाधारी मठातल्या मूर्ती आणि चित्रे यांनाही शिक्षणाचा भाग मानावे लागते. राम हा परंपरेत देव आहे, पण रामायणाच्या भिंतीवर तो आधी विद्यार्थी दिसतो, वसिष्ठांच्या समोर बसलेला, विश्वामित्रांच्या मागे चालणारा. ज्याला शिकण्याची गरज नाही त्यानेही शिकावे, हा त्या चित्रांचा बोध. हनुमान तर शिष्यपणाचे प्रतीकच. त्याने सूर्याला गुरू केले, आणि सूर्य थांबत नाही म्हणून त्याच्या रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी आकाशात चालत विद्या घेतली, असे पुराण सांगते. गुरूला थांबवायचे नाही, त्याच्या गतीत आपण चालायचे, आणि पाठ मात्र त्याच्याकडे करायची नाही. सणाच्या दिवशी बालाजीला सोन्याचे दागिने चढवतात तेव्हा याच भिंतींसमोर गर्दी उसळते. सोने पाहायला आलेल्या माणसाची नजर परत जाताना भिंतीवरच्या विद्यार्थी रामावर पडते.

याच बस्तीत महामायेचे देऊळ आहे. कलचुरी राजांची ती कुलदेवी, आणि त्याच आवारात समलेश्वरीही आहे. इथल्या शिकण्याची तऱ्हा वेगळी. नवरात्रात भाविकांच्या नावाने मनोकामना ज्योत लावतात. ज्योती शेकड्यांनी एकत्र तेवत असतात आणि नऊ दिवस कोणती ज्योत कोणाची हे पाहणाऱ्याला कळत नाही. मागणे ज्याचे त्याचे, उजेड सगळ्यांचा. छत्तीसगडच्या घराघरांत आणि गावागावांत याच दिवसांत जवारा पेरतात, गव्हाचे किंवा जवाचे कोंब टोपलीत वाढवतात आणि नवव्या दिवशी डोक्यावरून नेऊन पाण्यात सोडतात. बीज, अंकुर, विसर्जन असा सृष्टीचा पाठ नऊ दिवसांत घोटून घेतला जातो. मांदर आणि झांजेच्या साथीने देवीची जसगीते गातात. ती गाणी शाळेत किंवा मठात कोणी शिकवत नाही. म्हाताऱ्या गायकाच्या मागे बसून, टेक धरून, चुकत सुधारत पुढची पिढी ती उचलते. इथला गुरू गादीवर बसत नाही, गळ्यात कंठीही बांधत नाही, तरी परंपरा चालते, कारण मागे बसून ऐकण्याची सोय अजून आहे.

खुणेला वर्षभर झाकून ठेवणारी जागाही जवळच आहे. ब्राह्मणपाऱ्यातला कंकाली मठ नागा साधूंच्या परंपरेतला. तो विजयादशमीच्या दिवशी उघडतो आणि त्या दिवशी तिथल्या जुन्या शस्त्रांची पूजा होते. एरवी दार बंद. शस्त्र हे मिरवायचे नसून सांभाळायचे असते, हे सांगण्यासाठी बंद दार पुरे पडते.

एवढ्या खुणा झाल्यावर प्रश्न उभा राहतो की खूणच शेवट ठरली तर काय. टिळा लावला, माळ घातली, ज्योत लावली आणि माणूस तिथेच थांबला तर गुरूने काय केले? या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगडच्या मातीनेच दिले आहे. रायपूर जिल्ह्याच्या आसपास कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेचा मोठा पसारा आहे आणि दामाखेडा हे तिचे मुख्य स्थान. कबीरांनी माळ, मुद्रा, मूर्ती यांवर कोरडे ओढले. त्यांच्या पंथात दीक्षेच्या वेळी चौका आरती होते, पिठाने चौक पुरतात, नारळ फोडतात, विड्याचे पान देतात, शिष्याकडून काडी मोडून घेतात. काडी मोडली म्हणजे जुने नाते तुटले. बाहेरच्या चिन्हांना हसणाऱ्या गुरूच्या पंथालाही शिकवण्यासाठी चिन्ह लागले, यात विसंगती पाहण्यापेक्षा माणसाच्या मनाची गरज पाहावी. गुरू घासीदास यांचे असेच. गिरौदपुरीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या संताने मूर्तिपूजा आणि जातीचा उच्चनीच भेद नाकारला, सतनाम हेच सत्य सांगितले. त्यांच्या अनुयायांच्या वस्तीत आज उंच पांढरा जैतखांब आणि त्यावर पांढरा झेंडा असतो. देऊळ नाकारलेल्या परंपरेने उभ्या खांबात आपली खूण रोवली, आणि पांढऱ्या रंगाखेरीज तिच्यावर दुसरे काही ठेवले नाही.

मराठी संतपरंपरेने हा प्रश्न औंढा नागनाथच्या देवळात सोडवला आहे. देवाशी बोलणाऱ्या नामदेवांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरवले आणि ते गुरू शोधत विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव चिडले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवतील तिथे पिंडी दिसू लागली. जी खूण पवित्र म्हणून शिकवली जाते, तीच गुरू शेवटी पायाखाली घेतो. पण हे करण्याचा अधिकार खुणेत आयुष्य काढलेल्या गुरूचा आणि तिच्यात बुडून आलेल्या शिष्याचा. पंढरीच्या मूर्तीवर जीव न जडलेल्या माणसाला विसोबांच्या पायांनी काहीच शिकवले नसते. म्हणून शिक्षणाचे टप्पे तीन मानावे लागतात. गुरू खूण देतो, खूण जगायला लावतो, आणि वेळ आल्यावर तिच्या पलीकडे नेतो. पहिल्या टप्प्यावर थांबलेला शिष्य वेषधारी होतो. पहिले दोन टाळून थेट तिसऱ्यावर उडी घेणारा नुसता बडबड्या.

गुरू हवाच कशाला, या प्रश्नावर परंपरेत मोठा विचार झाला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने पृथ्वी, वारा, समुद्र, कबुतर, अजगर, मधमाशी असे चोवीस गुरू केले. एकनाथांनी या स्कंधावर मराठीत विस्ताराने लिहिले आणि १५७३ मध्ये काशीत ग्रंथ पुरा केला. दूधाधारी मठाच्या सांगितल्या जाणाऱ्या स्थापनेनंतर वीसएक वर्षांनी घडलेली ही गोष्ट, आणि पुढच्याच वर्षी अयोध्येत तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतले. तिन्हींचा काळ एक, भूक एकच. पण चोवीस गुरू मानणाऱ्या अवधूताची कथा लिहिणारे एकनाथ स्वतः देवगिरीच्या जनार्दनस्वामींकडे राहून हिशेब लिहीत होते आणि एका पैची चूक शोधत रात्र जागले होते. सृष्टी शिकवते, हे खरे. तिच्याकडून शिकण्याची नजर मात्र कोणा माणसाने घडवावी लागते.

छांदोग्यातल्या सत्यकामाची कथा याचा निकाल देते. गुरू गौतमांनी त्याला चारशे रोडक्या गाई देऊन रानात पाठवले. गाई हजार झाल्या तेव्हा तो परतायला निघाला. वाटेत बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. आश्रमात पोचल्यावर गुरूंनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखले की याला कळले आहे. सत्यकामाने ते मान्य केले, आणि तरीही विनवले की आपणच मला सांगा. गुरूंनी तेच पुन्हा सांगितले, काही वगळले नाही. नवे काहीच मिळाले नसताना शिक्षण त्या क्षणी पुरे झाले. कळलेली गोष्ट जबाबदार माणसाच्या तोंडून पक्की होते, हा या कथेचा गाभा, आणि मठातल्या कानमंत्राचे कारणही हेच.

पण प्रत्येक गादीवर गौतम बसलेला नसतो, हेही परंपरेला ठाऊक आहे. मुंडकोपनिषद आंधळ्याने नेलेल्या आंधळ्यांची गत सांगते आणि गुरू शास्त्र जाणणारा व ब्रह्मात स्थिर असावा अशी अट घालते. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी गुरूची आणि शिष्याची लक्षणे सविस्तर दिली आहेत, आणि चमत्कार दाखवणारा, पैशावर डोळा ठेवणारा, शिष्याला इंद्रियदमन न शिकवणारा गुरू टाकाऊ ठरवला आहे. खूण देणाऱ्याचीच पारख करण्याची परवानगी, किंबहुना सक्ती, परंपरेच्या आतून आली आहे.

हा दासबोध हिंदीत नेणारा माणूस रायपूरचा होता. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोहजवळच्या पथरियाला, मराठी घरात झाला. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून छत्तीसगढ मित्र हे मासिक काढले. पुढे नागपुरातून हिंदी केसरी चालवताना १९०८ मध्ये राजद्रोहाखाली पकडले गेले. घरच्यांच्या दबावाखाली माफी लिहून देऊन सुटावे लागले आणि ते शल्य त्यांना जगू देईना. ते वर्ध्याजवळच्या हनुमानगढीत श्रीधर विष्णू परांजपे यांच्याकडे गेले. गुरूंनी उपदेशाचे पाठ देण्याआधी त्यांना रामदासी रीतीप्रमाणे मधुकरी मागायला लावले. संपादक म्हणून नाव झालेला माणूस झोळी घेऊन दारोदार उभा राहिला. झोळी ही खूण. अहंकार रिता केल्यावाचून तिच्यात काही पडत नाही. त्या अवस्थेत त्यांनी दासबोधाचे वाचन, मनन केले आणि तो हिंदीत आणला. नंतर टिळकांचे गीतारहस्यही त्यांनीच हिंदीत नेले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. समर्थांचा मठ आणि रामानंदी मठ यांचे दैवत एक, राम, आणि त्याच्या पायाशी बसलेला दास हनुमान. रायपुरात या दोन्ही वाटा एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आल्या, त्या सप्र्यांच्या लेखणीमुळे.

गुरू गेल्यावर खुणेचे काय होते, हा शेवटचा भाग. रामानंदी मठात महंत देह ठेवतो तेव्हा जमलेले साधू-महंत उत्तराधिकाऱ्याच्या खांद्यावर चादर घालतात. गादी, पादुका, शालिग्राम, मठाची जमीन, गोशाळा आणि देणी अशी सगळी जबाबदारी त्या चादरीबरोबर येते. आषाढातल्या गुरुपौर्णिमेला शिष्य पादुकांची पूजा करतात. पूजा पायांची नसून पायांच्या ठशाची होते, कारण गुरू ज्या वाटेने गेला ती वाट शिष्याला चालायची असते. त्या दिवसाचे दैवत व्यास, म्हणजे ज्ञान विभागून, लावून, पुढच्याच्या हाती देणारा ऋषी.

पुरानी बस्तीच्या मठांनी हे पुढे देणे गाभाऱ्यापुरते ठेवले नाही. जैतूसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायणदास स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि मठ कार्यकर्त्यांच्या मेळाव्याचा अड्डा झाला. नोव्हेंबर १९३३ मध्ये अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर गांधीजी रायपुरात आले तेव्हा या मठाशीही त्यांचा संबंध आला. त्याच मठात जन्माष्टमीला मालपुवे करण्याची जुनी चाल आहे. ते तळून भाताच्या पेंढ्यावर पसरतात, म्हणजे तूप निथळते, आणि मग प्रसाद म्हणून वाटतात. दूधाधारी मठाचे महंत वैष्णवदास यांनी मठाची संपत्ती शिक्षणाकडे वळवली. मठाच्या नावाने संस्कृत महाविद्यालय उभे राहिले आणि मुलींसाठी दूधाधारी बजरंग महिला महाविद्यालयही झाले. ज्या परंपरेत मंत्र एकेकाच्या कानात सांगितला जाई, तिच्याच नावाच्या इमारतीत आज शेकडो मुली परीक्षेचे पेपर लिहितात.

गुरूने दिलेली खूण किती पिढ्या टिकली, यावरून परंपरेची किंमत ठरत नाही. ती खूण घेतलेल्या माणसाने दुसऱ्याला काय दिले, यावरून ठरते. दुधावर राहणाऱ्या एका साधूच्या नावाने चाललेली गोशाळा, पंगत, पाठशाळा आणि महाविद्यालय हा त्या दुधाचा उलगडाच होय. टिळा आणि माळ यांचा अर्थ शब्दांत सांगता येतो, तसा तो इथेही सांगितला. पण त्याची पडताळणी पुरानी बस्तीत रोजच्या वाटपातच होत आली आहे.